अठराव्या वर्षानंतर : खानदेशातील अनुरक्षण सेवा आणि शासकीय पर्यवेक्षणाचा इतिहास

प्रस्तावना :

जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत निराधार बालकांच्या संगोपनाशी दीर्घकाळ निगडित असलेल्या संस्थेचे नाव 'जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना' असे आहे. या नावातील दोन संज्ञा मुद्दाम लक्षात घेण्याजोग्या आहेत. 'परिविक्षा' म्हणजे न्यायालयाने तुरुंगात न पाठविता देखरेखीखाली मोकळे ठेवलेल्या व्यक्तीची पाहणी. 'अनुरक्षण' म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलाची वा मुलीची, ती स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत घेतलेली काळजी. पहिल्या संज्ञेभोवती कायदा, अधिकारी, न्यायालय व अहवाल अशी यंत्रणा उभी राहिली. दुसरी संज्ञा मात्र बव्हंशी नावापुरतीच राहिली. बालगृहातील प्रवेशिताने वयाची अठरा वर्षे पूर्ण केली की त्याचे नाव नोंदवहीतून कमी होते. त्यानंतर तो कोठे राहतो, काय शिकतो, काय कमावतो, हे विचारण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे.

प्रस्तुत लेखात १८५० च्या शिकाऊ उमेदवार कायद्यापासून २०२२ च्या मिशन वात्सल्य मार्गदर्शक सूचनांपर्यंतचा कालखंड विचारात घेतला आहे. अनुरक्षणाची तरतूद कायद्यात केव्हा व कोणत्या शब्दांत आली, तिच्यावर देखरेख ठेवण्याचे काम कोणाकडे सोपविण्यात आले आणि खानदेशातील परिस्थितीत तिचा अर्थ काय झाला, या तीन अंगांनी येथे मांडणी केली आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी :

निराधार मुलांविषयी ब्रिटिश हिंदुस्थानात झालेला पहिला महत्त्वाचा कायदा म्हणजे १८५० चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा होय. दहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मुलास एखाद्या कारागिराकडे वा व्यावसायिकाकडे कराराने शिकाऊ म्हणून ठेवण्याची सोय या कायद्याने केली. अनाथ व गरीब मुलांच्या बाबतीत दंडाधिकाऱ्यास पालकाच्या जागी उभे राहून असा करार करता येत असे. कराराची मुदत सात वर्षांपेक्षा जास्त नसावी आणि ती मुलाच्या वयाच्या एकविसाव्या वर्षापलीकडे जाऊ नये, अशी मर्यादा होती. मुलीच्या बाबतीत ही मर्यादा तिच्या विवाहापर्यंत होती. या कायद्यामागे करुणेपेक्षा भटकी मुले कामाला लावण्याची दृष्टी अधिक होती, हे खरे. तथापि हाती कसब नसलेला तरुण समाजात तग धरू शकत नाही आणि ते कसब येण्यास अठरा वर्षांपुढील काही काळ लागतो, ही जाणीव त्यात होती. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने हा जुना कायदा रद्द झाला. परंतु एकवीस वर्षांची मर्यादा बालकांच्या कायद्यात पुन्हा अवतरली.

१८५७ मध्ये मुंबईत स्थापन झालेली डेव्हिड ससून औद्योगिक शाळा आणि १८७६ व १८९७ चे सुधारशाळा कायदे हा यानंतरचा टप्पा होय. १८९७ च्या कायद्यान्वये सुधारशाळेतील मोठ्या मुलास परवान्यावर एखाद्या मालकाकडे कामास पाठविता येत असे. मात्र अठराव्या वर्षानंतर त्यास शाळेत ठेवता येत नसे. अठरा या आकड्याची रेषा येथे ठळक झाली. ही रेषा मुलाच्या गरजेतून आखलेली नव्हती. त्यास डांबून ठेवण्याच्या अधिकाराची ती सीमा होती. स्थानबद्धतेचा अधिकार संपतो तेथे काळजीची जबाबदारीही संपते, हे समीकरण याच काळात रूढ झाले.

१९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीच्या शिफारशींनंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी बालकांसाठी स्वतंत्र कायदे केले. मुंबई बालक अधिनियमाच्या अंमलबजावणीसाठी मुंबईत १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. रिमांड होम, प्रमाणित शाळा, बालन्यायालय व परिविक्षा अधिकारी ही चौकट याच कायद्याने दिली. १९३८ च्या मुंबई अपराधी परिविक्षा अधिनियमाने परिविक्षेस आणखी बळ मिळाले. १९४८ मध्ये बालकांचा कायदा नव्याने करण्यात आला आणि मुंबई शहराबाहेरील जिल्ह्यांतही ही चौकट क्रमाने पसरली.

सामाजिक संस्थांचा अनुभव :

कायद्याच्या समांतर महाराष्ट्रात समाजाचे स्वतःचे प्रयत्न चालू होते. महात्मा फुले व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात सुरू केलेले बालहत्या प्रतिबंधक गृह, प्रार्थना समाजाच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पंढरपूर येथे निघालेला बालकाश्रम, १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम आणि १९०९ मध्ये पुण्यात निघालेले अनाथ विद्यार्थी गृह ही त्याची ठळक उदाहरणे होत. कर्वे यांच्या आश्रमातील मुलगी शिक्षिका वा परिचारिका होऊन स्वतंत्रपणे जगू शकेल, हा संस्थेचा हेतू होता. अनाथ विद्यार्थी गृहाने मुद्रणालयासारखे उद्योग चालवून शिक्षण व अर्थार्जन यांची सांगड घातली. या संस्थांचे यश किती मुले सांभाळली यापेक्षा त्यांतून पुढे कोण घडले, यावर मोजले गेले. शासकीय यंत्रणेत नेमकी हीच मोजपट्टी आली नाही.

खानदेशातील संघटना :

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. या प्रदेशातील निराधार बालकांच्या प्रश्नास तीन स्थानिक कारणे आहेत. पहिले कारण रेल्वे. भुसावळ जंक्शन व जळगाव स्थानक यांमुळे घर सोडलेली, हरवलेली व टाकून दिलेली मुले दूरदूरच्या प्रांतांतून येथे येतात. मे २०२३ मध्ये बिहारमधून येणाऱ्या गाडीतून भुसावळ व मनमाड येथे ५९ मुलांना उतरविण्यात आले व त्यांची तात्पुरती व्यवस्था जळगाव आणि नाशिक येथील बालगृहांत करावी लागली, ही घटना या संदर्भात पुरेशी बोलकी आहे. दुसरे कारण सातपुडा परिसरातील आदिवासी कुटुंबांचे हंगामी स्थलांतर. तिसरे कारण अवर्षण व कापसाच्या भावावर हेलकावणारे शेतीचे उत्पन्न.

अशा मुलांसाठी जळगाव व धुळे येथे जी निरीक्षणगृहे व बालगृहे चालली, त्यांचा आधार परिविक्षा व अनुरक्षण संघटना हा होता. शासनाचे अनुदान, शासकीय अधिकाऱ्यांचा सहभाग आणि गावातील वकील, डॉक्टर, व्यापारी, शिक्षक यांची स्वयंसेवा असे या संघटनांचे मिश्र स्वरूप होते. या रचनेचा लाभ असा की, संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलास ओळखीच्या दुकानात, कारखान्यात वा कार्यालयात चिकटवून देता येत असे. मात्र हे अनुरक्षण व्यक्तींच्या सद्भावनेवर अवलंबून होते. त्यासाठी स्वतंत्र नोंदवही, स्वतंत्र निधी वा स्वतंत्र कर्मचारी नसेल, तर कार्यकर्ता निवृत्त झाला की ते थांबणे अपरिहार्य होते. जळगावची खानदेश मिल आणि अमळनेर व धुळे येथील प्रताप मिल यांसारख्या गिरण्यांची धडधड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थांबली, तेव्हा अल्पशिक्षित तरुणास सामावून घेणारा स्थानिक रोजगारही आटला. वशिल्याने लागणाऱ्या नोकरीवर उभे असलेले अनुरक्षण त्यामुळे आणखी दुबळे झाले.

स्वातंत्र्योत्तर काळ : योजना आणि खाते :

स्वातंत्र्यानंतर अनुरक्षणाचा राष्ट्रीय पातळीवर प्रथमच स्वतंत्र विचार झाला. केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५४ मध्ये अनुरक्षण कार्यक्रमांविषयी सल्लागार समिती नेमली. समाजशास्त्रज्ञ मा. स. गोरे हे तिचे अध्यक्ष होते. तुरुंग, सुधारशाळा, अनाथालये व तत्सम संस्थांतून बाहेर पडणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा या समितीने एकत्रित विचार केला आणि त्यातून दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत राज्यगृहे व अनुरक्षण गृहे यांची योजना पुढे आली. महाराष्ट्रातील महिला राज्यगृहांची परंपरा या विचारातून आलेली आहे. बालगृहातून बाहेर पडलेल्या अठरा वर्षांवरील मुलीस, अन्य सोय नसल्यास, अशाच गृहात पाठविले जाते. जळगाव येथील आशादीप शासकीय महिला वसतिगृह हे त्याच व्यवस्थेचा भाग होय.

१९५७ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यात समाजकल्याण संचालनालय अस्तित्वात आले. मागासवर्गीय कल्याण व सुधारात्मक कार्य अशा त्याच्या दोन शाखा होत्या. प्रमाणित शाळांच्या मुख्य निरीक्षकाचे काम सुधारात्मक शाखेकडे आले. येथे देखरेखीचा वारसा स्पष्ट होतो. निरीक्षक हा शाळेचा, म्हणजे इमारत, भोजन, हजेरी व हिशेब यांचा होता. शाळा सोडून गेलेल्या तरुणाचा नव्हता. पुढे महिला व बालविकास हे स्वतंत्र खाते झाले, पुण्यास आयुक्तालय, विभागात उपायुक्त व जिल्ह्यात जिल्हा महिला व बालविकास अधिकारी अशी साखळी आली. पण तपासणीचा विषय बदलला नाही.

कायद्याची भाषा :

१९८६ च्या बाल न्याय अधिनियमाने देशभर समान कायदा आणला. त्याच्या कलम १२ मध्ये अनुरक्षण संघटनांविषयी राज्य शासनास नियम करण्याची मुभा देण्यात आली. या कायद्यात मुलासाठी सोळा व मुलीसाठी अठरा अशी वयोमर्यादा होती. २००० च्या अधिनियमाने दोघांसाठीही ती अठरा केली, तर कलम ४४ मध्ये अनुरक्षण संघटनेतील वास्तव्य तीन वर्षांपेक्षा अधिक असू नये, असे सांगितले. २००६ च्या दुरुस्तीने संस्थांची नोंदणी व जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांची तरतूद केली. २००९-१० पासून एकात्मिक बाल संरक्षण योजनेद्वारे केंद्राचा निधी येऊ लागला. सहा ते आठ तरुणांनी एकत्र राहावे अशा गटनिवासाची कल्पनाही याच काळात पुढे आली.

१५ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या २०१५ च्या अधिनियमाने अनुरक्षणाची व्याख्या प्रथमच नेमकी केली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या परंतु एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या आणि संस्थात्मक संगोपनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीस मुख्य प्रवाहात येण्यासाठी द्यावयाचे आर्थिक वा अन्य साहाय्य म्हणजे अनुरक्षण होय. कलम ४६ नुसार अशा तरुणास आर्थिक साहाय्य 'देता येईल'. २०१६ च्या आदर्श नियमांतील नियम २५ याहून पुढे जातो. मूल संस्था सोडण्यापूर्वी दोन महिने मुक्ततोत्तर आराखडा सादर करणे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाने अनुरक्षणासाठी इच्छुक संस्था व व्यक्तींची यादी ठेवणे, रक्कम थेट तरुणाच्या बँक खात्यात जमा करणे आणि अपवादात्मक स्थितीत हे साहाय्य आणखी दोन वर्षे, म्हणजे तेविसाव्या वर्षापर्यंत, चालू ठेवणे या बाबी त्यात आहेत.

'देता येईल' आणि 'दिले जाईल' यांतील अंतर केवळ शब्दांचे नाही. जी गोष्ट ऐच्छिक असते तिची थकबाकी होत नाही. थकबाकी नसेल तर लेखापरीक्षणात आक्षेप येत नाही. आक्षेप नसेल तर अधिकाऱ्यास उत्तर द्यावे लागत नाही. देखरेखीच्या अभावाचे मूळ अशा रीतीने कायद्याच्या क्रियापदातच आहे.

पर्यवेक्षणाची यंत्रणा :

२०१५ च्या कायद्याने संस्थांवरील देखरेख निश्चितच घट्ट केली. कलम ४१ नुसार प्रत्येक संस्थेची नोंदणी अनिवार्य झाली. कलम ५४ नुसार जिल्हा तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून किमान एकदा, तीनपेक्षा कमी नसलेल्या सदस्यांसह भेट द्यावयाची असते; त्यांत एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असणे आवश्यक असते. तमिळनाडूतील अनाथालयांतील शोषणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१७ रोजी नोंदणी, तपासणी समित्या व प्रत्येक बालकाचा वैयक्तिक संगोपन आराखडा यांविषयी मुदतबद्ध आदेश दिले. ९ फेब्रुवारी २०१८ रोजी संपूर्णा बेहुरा प्रकरणात कायद्याच्या अंमलबजावणीचा पुन्हा विस्तृत आढावा घेण्यात आला. याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ९,५८९ संस्थांची नोंद झाली. २०२१ च्या दुरुस्तीने, जी १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली, जिल्हा दंडाधिकाऱ्याचे अधिकार वाढविले. १८५० च्या कायद्यात पालकाच्या जागी उभा असलेला दंडाधिकारी अशा प्रकारे पुन्हा केंद्रस्थानी आला.

या सर्व तरतुदींचा रोख संस्थेवर आहे. तपासणी समिती ज्या प्रवेशितांना भेटते, ते संस्थेत राहत असतात. बाहेर पडलेला तरुण भाड्याच्या खोलीत, मित्राकडे वा कामाच्या ठिकाणी राहतो. त्यास भेट देणारी समिती नाही. नियमानुसार बाल कल्याण समितीने आराखड्याचा आढावा घ्यावयाचा असला, तरी ज्याचे वय अठरा झाले त्यास समितीसमोर उपस्थित होण्याचे बंधन नसते.

जळगाव-धुळ्याचा अनुभव :

संस्थांच्या भिंतींच्या आतील देखरेखही किती अनियमित असू शकते, हे जळगाव जिल्ह्यातील दोन घटनांवरून दिसते. मार्च २०२१ मध्ये आशादीप वसतिगृहातील कथित गैरप्रकाराचा मुद्दा विधानसभेत उपस्थित झाला. महिला अधिकाऱ्यांच्या समितीने चौकशी केली आणि आरोपांत तथ्य नसल्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सभागृहात सांगितले. जुलै २०२३ मध्ये मात्र एरंडोल तालुक्यातील खडके येथील मुलींच्या गृहात काळजीवाहकाकडून अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याचा गुन्हा दाखल झाला. संबंधित मुली जळगावच्या शासकीय बालगृहात आल्यानंतर ही तक्रार पुढे आली. दोन्ही घटनांचे स्वरूप व निष्पत्ती भिन्न आहे. परंतु एका ठिकाणी आरोप सभागृहात गेल्यावर यंत्रणा हलली आणि दुसऱ्या ठिकाणी मुलींनी जागा बदलल्यावर त्यांना बोलता आले. त्रैमासिक भेट हेच सत्य कळण्याचे नियमित साधन असावयास हवे होते.

कौटुंबिक संगोपनाची स्थितीही याहून फार वेगळी नाही. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना संस्थेऐवजी नातेवाईक वा पालक कुटुंबात मुलास ठेवण्यास साहाय्य करते. दरमहा ४२५ रुपये असलेले हे अनुदान पुढे ११०० रुपये व २०२३ मध्ये २२५० रुपये झाले आणि योजनेस क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. मात्र तेही अठराव्या वर्षी थांबते. बारावीची परीक्षा व अठरावा वाढदिवस जवळजवळ एकाच सुमारास येतात. पदवी, औद्योगिक प्रशिक्षण संस्था वा परिचारिका अभ्यासक्रम यांत प्रवेश घेण्याच्या वेळी, म्हणजे खर्च सर्वाधिक वाढतो तेव्हाच, आधार काढून घेतला जातो.

या पोकळीवर राज्य शासनाने शोधलेला महत्त्वाचा उपाय म्हणजे २ एप्रिल २०१८ च्या निर्णयाने शिक्षण व शासकीय नोकरीत अनाथांना दिलेले एक टक्का आरक्षण. २०२१ मध्ये त्याची व्याप्ती वाढविण्यात आली. परंतु त्यासाठी लागणारे अनाथ प्रमाणपत्र विभागीय स्तरावरून मिळते. जळगाव, धुळ्याच्या तरुणास त्यासाठी नाशिककडे पाहावे लागते. ज्याची कागदपत्रे संस्थेत नीट ठेवली गेली, त्यासच हा हक्क पदरात पाडून घेता येतो. म्हणजे येथेही प्रश्न नोंदींचाच आहे.

जळगाव रेल्वे स्थानकावर टाकून दिलेल्या एका दृष्टिहीन बालिकेचा प्रवास या इतिहासावर मोठा प्रकाश टाकतो. जळगावच्या निरीक्षणगृहातून ती अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथील शंकरबाबा पापळकर यांच्या बालगृहात गेली. तेथे ब्रेल लिपीतून शिकून तिने पदवी घेतली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण केली. अठरा वर्षांनंतरही दिव्यांग बेवारस मुलांना बालगृहातच राहू देणारा कायदा व्हावा, यासाठी पापळकर यांनी सातत्याने आग्रह धरला आहे. त्यांच्या कार्याचा २०२४ मध्ये पद्मश्रीने गौरव झाला. येथे अठराव्या वर्षी दार बंद झाले नाही, हाच या यशातील निर्णायक घटक होय. ते दार उघडे राहिले ते व्यवस्थेमुळे नव्हे, तर एका व्यक्तीच्या हट्टामुळे.

तुलनात्मक दृष्टी :

कोविड काळातील अनुभव वेगळी दिशा दाखवितो. २९ मे २०२१ रोजी जाहीर झालेल्या पीएम केअर्स बालक योजनेत दोन्ही पालक गमावलेल्या मुलास अठरा ते तेवीस या वयात विद्यावेतन व तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये देण्याची तरतूद झाली. महाराष्ट्रानेही पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवली. जिल्हाधिकाऱ्याकडे थेट जबाबदारी, प्रत्येक मुलाच्या नावाची नोंद व बँक खाते यांमुळे हे शक्य झाले. २०२२ च्या मिशन वात्सल्य सूचनांनुसार अन्य अनुरक्षणपात्र तरुणांसाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. अनाथपणाचे कारण बदलले म्हणून गरज बदलत नाही, हे यावरून लक्षात यावे.

इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने संगोपनातून बाहेर पडणाऱ्या तरुणाशी एकविसाव्या वर्षापर्यंत संपर्क ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले. अमेरिकेत १९९९ च्या कायद्याने निधी दुप्पट करून वार्षिक १४ कोटी डॉलर केला आणि तरुणांच्या पुढील स्थितीची माहिती गोळा करण्यास सांगितले. मात्र ती प्रत्यक्ष गोळा होण्यास ऑक्टोबर २०१० उजाडला. माहिती संकलनास कर्तव्याचे रूप दिले तरी विलंब होतो. ते ऐच्छिक ठेवले तर काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला असा की, अनुरक्षणाची कल्पना खानदेशात वा महाराष्ट्रात नवी नाही. ती जिल्हा संघटनेच्या नावातच आहे. दुसरा असा की, १८९७ पासून दृढ झालेली अठरा वर्षांची रेषा ही स्थानबद्धतेच्या अधिकाराची मर्यादा असून तीच काळजीची मर्यादा मानली गेली. तिसरा असा की, शासकीय पर्यवेक्षण संस्थेपुरते विकसित झाले; व्यक्तीपर्यंत पोहोचले नाही. चौथा असा की, जेथे प्रत्येक मुलाची नावानिशी नोंद व एका अधिकाऱ्याची निश्चित जबाबदारी होती, तेथे साहाय्य तेविसाव्या वर्षापर्यंत नेण्याची सोय करता आली.

यावरून सुचणारा उपाय साधा आहे. प्रत्येक जिल्हा बाल संरक्षण कक्षाने गेल्या पाच वर्षांत संस्था वा बालसंगोपन योजना सोडलेल्या प्रत्येक तरुणाची अनुरक्षण नोंदवही ठेवावी, त्याच्या संमतीने वर्षातून दोनदा संपर्क साधावा आणि तपासणी समितीने संस्थेच्या भोजनगृहाबरोबर ही नोंदवहीही पाहावी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. परिविक्षा व अनुरक्षण संघटनेच्या नावातील दुसऱ्या शब्दाला पहिल्याइतकेच काम द्यावे लागेल, एवढेच.